मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेलेली आई: कथेतलं भांडण कशावर उभं करायचं?

ओलीशाई
दीर्घकथेचा आराखडा मांडते आहे, साधारण १२,००० शब्दांची होईल. आई शुभांगी, वय ६१, कर्वेनगर, राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. मुलगी केतकी, वय ३३, न्यू जर्सीत नोकरी. जावई निखिल तिथेच वाढलेला गुजराती, घरात बोलणं इंग्रजीत. वर्ष २०२४. शुभांगी सप्टेंबरअखेरीस पोचते, १० ऑक्टोबरला बाळ होतं. वडील पुण्यात एकटे.

अडचण अशी की मसुद्यात दोघी फक्त एकमेकींना टोमणे मारतात. आई म्हणते "आमच्या वेळी असं नव्हतं", मुलगी म्हणते "तुला समजणार नाही". वाचणाऱ्या दोघांनीही सांगितलं की आई कर्कश वाटते आणि मुलगी उद्धट. दोघींपैकी कुणीच चूक नाही असं वाचकाला वाटलं पाहिजे. ते कसं आणायचं?

नळस्टॉप
आधी कॅलेंडर मांडा. अशा कथांमध्ये "संस्कृतीतला फरक" हे भांडणाचं कारण म्हणून दिलं जातं आणि कथा तिथेच सैल पडते, कारण फरक ही काही घडणारी गोष्ट नाही. घडतं ते अमुक तारखेला, अमुक खोलीत, अमुक नियमामुळे.

तुमच्या कथेत तारखा तयारच आहेत. पर्यटक व्हिसा १० वर्षांचा असला तरी मुक्काम किती करायचा ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. मराठी कथांत या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. शुभांगी २५ सप्टेंबरला उतरली तर २४ मार्चच्या आसपास तिला निघावं लागेल. ही तारीख घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आता केतकीची रजा. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे. अमेरिकेत केंद्राचा १९९३ चा कायदा १२ आठवडे देतो, तेही बिनपगारी, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी वर्षभर नोकरी झालेली असेल तरच. पण न्यू जर्सीची स्वतःची योजना आहे. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे प्रकृतीच्या कारणाने आणि त्यापुढे १२ आठवडे बाळासाठी, पगाराचा काही भाग मिळतो. म्हणजे केतकी १३ फेब्रुवारीच्या सुमारास कामावर जाईल. त्यानंतर शुभांगीच्या हाती बाळासोबतचे जेमतेम साडेपाच आठवडे उरतात.

हेच कुटुंब टेक्सासमध्ये नेलंत तर राज्याची अशी सक्तीची योजना नाही. १२ आठवडे २ जानेवारीला संपतात आणि शुभांगी जवळपास १२ आठवडे दिवसभर बाळाबरोबर एकटी राहते. दोन वेगळ्या कथा आहेत या. पहिलीत मुलगी सतत घरात आहे आणि आईच्या हाताकडे बघते आहे. दुसरीत मुलगी ऑफिसातून कॅमेऱ्यावर बघते आहे. कुठली लिहायची ते तुम्ही ठरवा, पण ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मुठाकाठ
कॅमेऱ्याची कथा जास्त धारदार होईल असं मला वाटतं. पाळण्यावरचा कॅमेरा निखिलने लावलेला असतो, बाळ झोपेत कुशीवर वळलं तर कळावं म्हणून. पण आईला तो आपल्यावर लावलाय असं वाटणार. आणि एकदा केतकीने ऑफिसातून फोन करून "उशी काढ" म्हटलं की ते तसंच आहे हे सिद्धही होणार.

अळीव
उशीचा मुद्दा निघालाच आहे तर बाळंतपणाची बाजू सविस्तर लिहिते, कारण मराठी कथांत ती दोन ओळींत उरकतात: डिंकाचे लाडू, डोळ्यांत पाणी, संपलं.

मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून इकडे तान्ह्या बाळाला देतात. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात पाळण्यात काहीच ठेवू देत नाहीत. उशी, पांघरूण, मऊ खेळणं, काही नाही. बाळ पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, आईबापांच्या खोलीत पण वेगळ्या जागी. कारण झोपेत गुदमरण्याचा धोका. शुभांगीने पुण्यात स्वतः मोहरी धुऊन, वाळवून, जुन्या सुती लुगड्याच्या कापडात शिवलेली उशी आणली असेल तर ती फेकणं सोपं नाही आणि वापरणं शक्य नाही. कथेत ती उशी कुठे ठेवली जाते ते दाखवा.

मध. जन्मल्यावर मधाचं बोट चाटवायची पद्धत अनेक घरांत आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही हा सल्ला मात्र ठाम आहे. मधात बोटुलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. घरच्या उकळण्याने बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे "उकळून देते" हा तोडगा चालत नाही. लक्षणं दिसतात ती बद्धकोष्ठ, क्षीण रडणं, अंग ढिलं पडणं. हे घडणं दुर्मीळ आहे, आणि आईच्या बाजूचं बळ नेमकं तिथेच आहे. तिचा पुरावा समोर उभा आहे, ३३ वर्षांचा, धडधाकट. "तुलाही चाटवला होता" या वाक्याला केतकीकडे उत्तर नाही. तिच्याकडे फक्त डॉक्टरांचा कागद आहे. हा प्रसंग आईला अडाणी न करता लिहिता येतो.

धुरी. ओवा, बाळंतशोपा, वावडिंग निखाऱ्यावर टाकून बाळ-बाळंतिणीला शेक देतात. लाकडी घरात खोलीखोलीत धूरसूचक यंत्र असतं, इमारतीत ते एकमेकांना जोडलेलं असलं तर सगळ्यांना खाली उतरावं लागतं. पण हा प्रसंग फार वेळा विनोदासाठी वापरला जातो. ऑक्टोबरच्या थंडीत टाके घातलेली बाई जिना उतरते आहे, तिच्या आईला ते आपल्यामुळे झालंय हे कळलंय. हसू येण्यासारखं त्यात काही नाही.

आणि एक प्रसंग असा हवा जिथे दोघींचं जुळतं. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळणं हॉस्पिटलातल्या नर्सही करतात, जवळपास आपल्यासारखंच. नर्सचा हात आणि शुभांगीचा हात सारखाच चालतो हे केतकी बघते. इतकं पुरे, त्यावर भाष्य नको.

वाळवण
अळीव, डिंकाच्या लाडवांत एक दुरुस्ती सुचवते. त्यात खसखस असते आणि विमान दुबईमार्गे असेल तर तिथे खसखशीला बंदी आहे, नुसतं विमान बदलायचं असलं तरी अंगाशी येऊ शकतं. शुभांगी बँकेत होती, कागदपत्रं वाचणारी बाई. तिने लाडू खसखशीशिवाय केले असतील. हा तपशील आला की ती वेंधळी नाही हे एका वाक्यात प्रस्थापित होतं. २३ किलोच्या दोन बॅगा धरा आणि यादी करा: डिंक, अळीव, खारीक पूड, मेतकूट, भाजणी, बाळगुटीची सहाण. सहाण जड असते, ती नेण्यासाठी काय काढून ठेवलं तेही येऊ द्या. ताजी फळं, भाज्या, मांस तिथे नेता येत नाही, त्यामुळे ताजा शेपू बॅगेत दाखवू नका. तो तिथल्या भारतीय दुकानात किंवा साध्या सुपरमार्केटातही मिळतो.

ओलीशाई
हे फारच उपयोगी आहे. बारशाचा प्रसंग मुख्य ठेवायचा विचार होता: नाव कुणी ठेवायचं यावर भांडण.

नळस्टॉप
जपून. जन्मदाखल्यासाठी हॉस्पिटलातच नाव विचारतात आणि आपल्याकडे बारसं १२ व्या दिवशी, म्हणजे तुमच्या कथेत २१ ऑक्टोबरला. हा ताण खरा आहे. पण झुंपा लाहिरी यांच्या 'द नेमसेक'चा (२००३) पायाच तो आहे. तिथे बाळाच्या पणजीचं नावाचं पत्र पोचत नाही आणि दाखल्यावर तात्पुरतं नाव लागतं. तुम्ही तो प्रसंग मध्यभागी ठेवलात तर तुलना अटळ आहे. दोन परिच्छेदांत होऊन जाऊ द्या.

शेवटचंपान
मी थोडा वेगळा सूर लावतो. वरचे सगळे तपशील बरोबर आहेत, पण नियमांच्या टकरीवर कथा उभी केली तर ती मध आणि उशीची यादी होईल. माझी कसोटी अशी: परदेश काढून टाका. केतकी कोथरूडला राहते असं समजा. भांडण उरतं का? उरत नसेल तर कथेत आई-मुलगी नाहीत, दोन देश आहेत.

अवनी दोशींची 'बर्न्ट शुगर' ही कादंबरी पुण्यातच घडते. भारतात ती २०१९ मध्ये 'गर्ल इन व्हाइट कॉटन' नावाने आली, २०२० च्या बुकरच्या अंतिम यादीत होती. आई आश्रमात गेलेली, मुलीचं बालपण वाऱ्यावर, आणि आता आईची स्मृती जाते आहे. मुलीला हिशेब मागायचा आहे आणि ज्याच्याकडे मागायचा त्याला काही आठवत नाही. त्या भांडणाला परदेशाची गरजच नाही. तसा एक जुना हिशेब शुभांगी-केतकीत शोधा, पुण्यातला, केतकी बारा-चौदा वर्षांची असतानाचा. अमेरिका त्याला फक्त वाट करून देते.

अळीव
कसोटी मान्य, पण निष्कर्ष अर्धाच पटला. स्थलांतराने काही गोष्टी नव्याने निर्माण होतात, त्या कोथरूडला घडूच शकत नाहीत. शुभांगी पुण्यात स्कूटर चालवते, बँकेत माणसं तिच्या सहीसाठी थांबायची. तिकडे उपनगरात अनेक रस्त्यांना पदपथसुद्धा नसतो, गाडी उलट्या बाजूने, विम्याचा प्रश्न वेगळा. दूध आणायलाही निखिलला विचारावं लागतं. सहा महिने ती जावयाच्या वेळेवर जगते. हे अपमानाचं आहे आणि अपमान कुणीच केलेला नाही. या रागाला बाहेर पडायला जागा स्वयंपाकघरातच मिळते. मग ती मुलीच्या डब्यांवरची नावं बदलते, मसाल्यांचा खण नव्याने लावते. केतकीला वाटतं आई माझं घर ताब्यात घेते आहे. दोघींचं खरंच आहे.

शेवटचंपान
हे पटलं. मग दोन्ही एकत्र बांधा: जुना हिशेब आणि नवी असहायता. आई जेव्हा सगळ्यात असहाय असते त्याच दिवशी मुलीने हिशेब मागावा.

मुठाकाठ
तो दिवस आजारपणाचा असू शकतो. पर्यटक म्हणून आलेल्यांना तिथली सरकारी मेडिकेअर मिळत नाही, प्रवासी विमे बहुधा जुने आजार वगळतात. शुभांगीला रक्तदाब आहे, सहा महिन्यांच्या गोळ्या बरोबर आणल्यात. जानेवारीत एका रात्री छातीत दुखतं आणि ती बोलत नाही, कारण हॉस्पिटलचं बिल काय येतं ते तिने निखिलच्या बोलण्यातून ऐकलंय. केतकीला दोन दिवसांनी कळतं. इथे मुलगी चिडणार, आणि तिचं चिडणं भीतीतून आहे हे वाचकाला सांगावंच लागणार नाही. "तू कधीच काही सांगत नाहीस" यातूनच पुण्यातला जुना हिशेब बाहेर येईल. समजा, त्या वेळी आईची पदोन्नतीवर दुसऱ्या गावी बदली झाली होती आणि मुलीला आदल्या दिवशी सांगितलं गेलं. बँकेत पदोन्नती घेतली की बदली आलीच, त्यामुळे तुमच्या पात्राला हे चपखल बसतं.

ओलीशाई
बदलीचं घेते! तेव्हा केतकी १३ वर्षांची, म्हणजे २००४. म्हणजे आई तेव्हा नोकरीसाठी मुलीला सोडून गेली होती आणि आता मुलगी कामावर जाताना आई तिला "इतक्या लहान बाळाला ठेवून?" म्हणते. हे मसुद्यात होतं, पण मला स्वतःला दिसलं नव्हतं.

आता संवादांचं. निखिल आणि केतकी इंग्रजीत बोलतात, कथा मराठीत. प्रत्येक वेळी "तो इंग्रजीत म्हणाला" लिहायचं का?

वाळवण
नको. तीन माणसांसाठी तीन ठेवणी ठरवा आणि त्या मोडू नका.

निखिल: छोटी, सरळ वाक्यं. म्हणी नाहीत, "अहो", "बरं का", "हं" नाही. इंग्रजी शब्दांचा भडिमारही नको, त्याने तो छचोर वाटतो. "रात्री मी उठतो. तुम्ही झोपा." इतकंच.

शुभांगी निखिलशी इंग्रजीत बोलते आणि चांगलं बोलते. बँकेतली अधिकारी बाई आहे, तिचं इंग्रजी मोडकंतोडकं करू नका. फक्त ते पत्रव्यवहाराचं इंग्रजी आहे, त्यामुळे मराठीत उतरवताना थोडं औपचारिक ठेवा: "मला असं सुचवायचं आहे की बाळाला आता निजवावं." मुलीशी बोलताना तीच बाई: "अगं निजव तिला, डोळे बघ कसे झालेत."

केतकी: शांत असताना पुण्याची मराठी, चिडली की वाक्यं तुटतात आणि ती निखिलच्या ठेवणीत जाते. वाचकाला भाषा बदलल्याचं आपोआप कळतं. उदाहरण देते:

"आई, कपाट पुन्हा लावलंस का गं?"
"तिखट वरती होतं. तुला हात वर करता येत नाहीत अजून."
"मी सांगितलं होतं. वरच हवं. मला वर हवं."

तिसऱ्या वाक्यात केतकी इंग्रजीत गेली आहे. सांगायची गरज पडली नाही.

आणखी एक. तिसरं माणूस खोलीत असलं की भांडणाचा आवाज बदलतो. निखिल समोर असताना दोघी मराठीत हसऱ्या चेहऱ्याने भांडतील. त्याला शब्द कळत नाहीत, सूर कळतो. गुजराती घरातला आहे, म्हणजे काही शब्द कळतातही. किती कळतात हे दोघींना नक्की माहीत नाही. त्यात एक अख्खा प्रसंग आहे.

नळस्टॉप
फोनच्या वेळा तपासा. वडिलांशी रोज बोलणं दाखवलंय असं गृहीत धरतो. न्यू जर्सी आणि पुणे यांत उन्हाळी वेळेत साडेनऊ तास, हिवाळी वेळेत साडेदहा तास अंतर. पुण्यात रात्रीचे ९ म्हणजे तिकडे सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. २०२४ मध्ये तिकडची घड्याळं ३ नोव्हेंबरला मागे गेली, त्या दिवशी आपल्याकडे भाऊबीज होती. वडील नेहमीच्या वेळी फोन घेऊन बसलेत आणि तिकडे अजून कुणी तयार नाही, हे त्या दिवशी अगदी नैसर्गिकपणे घडेल. कथा टेक्सासला नेलीत तर अंतराच्या दोन्ही आकड्यांत एक तास वाढवा. पुण्यातलं आजचं चित्र आलं तर मेट्रोही लक्षात ठेवा. वनाझ ते गरवारे कॉलेज मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, पुढे रुबी हॉल क्लिनिकपर्यंत ऑगस्ट २०२३ मध्ये. वडील मंडईत जायला नळ स्टॉपहून मेट्रोत बसून डेक्कनला उतरतात आणि पुढे रिक्षा करतात, असं लिहिलंत तर २०२४ मध्ये ते बसतं.

शेवटचंपान
निवेदन कुणाचं ठेवणार? हा प्रश्न राहिलाच.

ओलीशाई
आत्ता तृतीयपुरुषी आहे, दोघींच्या मनात आलटून पालटून.

शेवटचंपान
आलटून पालटून ठेवलं की लेखक न्यायाधीश होतो. एकीला दोन पानं, दुसरीला दोन पानं, मग समेट. एमी टॅन यांनी 'द जॉय लक क्लब'मध्ये (१९८९) दोन्ही बाजू घेतल्या, पण मांडणी बघा: चार भाग, प्रत्येकात चार कथा. पहिल्या आणि शेवटच्या भागात आया, मधल्या दोनांत मुली. आणि चार आयांपैकी एक सुरुवातीलाच वारलेली आहे, तिची जागा तिची मुलगी भरते. म्हणजे एका बाजूचं उत्तर कधीच मिळत नाही. कादंबरीच्या विस्तारात हे पेलतं. १२,००० शब्दांत एकीचीच नजर ठेवा.

माझं मत: शुभांगीची. कारणं दोन. केतकीची बाजू नियमांतून, डॉक्टरांच्या कागदातून, निखिलच्या वागण्यातून आपोआप येते, तिला आतून सांगायची गरज कमी. शुभांगीला मात्र आतून पाहिलं नाही तर ती पुन्हा कर्कशच दिसेल. दुसरं म्हणजे जुन्या बदलीचा हिशेब तिच्या नजरेतून आला तर ती तो टाळणार. वाचकाला तो तिच्या टाळण्यातून कळेल. बँक, पदोन्नती, शाखा यांबद्दल ती मोकळेपणाने आठवते आणि त्या वर्षी मुलगी कोणत्या इयत्तेत होती ते मात्र तिच्या आठवणीत येत नाही.

अळीव
शुभांगीची नजर, याला अनुमोदन. फक्त एक काळजी घ्या. तिच्या नजरेतून लिहिताना अमेरिका तिने पूर्वी कधी न पाहिलेली असल्यासारखी वर्णनं येतात: केवढे रस्ते, केवढी दुकानं. ६१ वर्षांच्या पुणेकर बाईने व्हिडिओ कॉलवर ते घर दहादा पाहिलेलं असतं. तिला नवीन वाटतील त्या गोष्टी कॉलवर न कळणाऱ्या: हीटरची कोरडी हवा, नाकात येणारा कोरडेपणा, दिवसभर कुकरच्या शिट्टीशिवाय जाणारं घर, साडेचारला पडणारा डिसेंबरचा अंधार.

ओलीशाई
नजर शुभांगीची, गाव न्यू जर्सी, पण केतकीचा कामाचा करार असा की तिला राज्याच्या रजेतले शेवटचे सहा आठवडे सोडून २ जानेवारीलाच परतावंसं वाटतं. तो तिचा निर्णय असेल, सक्ती नाही. त्यामुळे कॅमेरा मिळतो आणि आईच्या "इतक्या लहान बाळाला ठेवून?" ला धारही येते. चालेल का हे?

नळस्टॉप
चालेल, आणि सक्तीपेक्षा चांगलं. पण कारण पक्कं द्या: पदोन्नतीची यादी जानेवारीत लागते, असं काही. आईला ते कारण ऐकताक्षणी कळलं पाहिजे, कारण २००४ मध्ये तिने स्वतः तेच केलं होतं. तिने त्या प्रसंगात काही बोलू नये. बाळगुटीची सहाण धुवायला घ्यावी, आणि कॅमेऱ्यातून केतकीने ते बघावं.

वाळवण
एक शेवटची दुरुस्ती: २ जानेवारीला बाळ १२ आठवड्यांचं असेल. बालरोगतज्ज्ञांनी बाळगुटीलाही नाहीच म्हटलेलं असणार, त्यात वेखंड असतं. त्यामुळे सहाण धुताना ती वापरून झाली आहे की नुसतीच धुतली जाते आहे, हे आधीच्या प्रसंगात ठरवून ठेवा. वापरून झाली असेल तर भांडण आजारपणाच्या रात्रीपर्यंत थांबणार नाही, त्याच संध्याकाळी होईल.

ओलीशाई
वापरलेली ठेवते. म्हणजे छातीत दुखण्याची रात्र त्याआधी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हलवावी लागेल. पहिले चार प्रसंग लिहून रविवारी इथेच टाकते.